मिलबँकचा चॅप्लेन-गव्हर्नर: धर्मसेवा आणि तुरुंगाची सत्ता एका हाती आल्याचे प्रकरण

लंडनमध्ये थेम्सच्या काठी आज जिथे टेट ब्रिटन हे कलादालन उभे आहे, तिथे 1816 ते 1890 या काळात मिलबँक नावाचा तुरुंग होता. 1837 मध्ये त्याच्या देखरेख समितीने एक निर्णय घेतला. तुरुंगाचा कारभार पाहणारा गव्हर्नर आणि कैद्यांच्या धर्मसेवेसाठी नेमलेला चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री, म्हणजे चॅप्लेन, ही दोन्ही पदे तिने रेव्हरंड डॅनियल निहिल या एकाच व्यक्तीकडे सोपवली. ही व्यवस्था 1843 पर्यंत चालली आणि मग मोडीत निघाली. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, तुरुंग-धर्मसेवेचे वरिष्ठ नेतृत्व कोणाकडे असावे, त्याला कोणते अधिकार असावेत आणि कोणते नसावेत, हे समजून घेण्यासाठी इतके बोलके प्रकरण दुसरे सापडणे कठीण आहे. कारण इथे धर्मगुरूच्या हाती कारभाराची सगळी सूत्रे खरोखरच आली होती आणि त्यातून काय घडले याची नोंद मागे राहिली आहे.

निहिल यांची नेमणूक ही कोणा एकाची लहर नव्हती, हे आधी सांगायला हवे. इंग्लंडमधल्या तुरुंगांत पगारी पाद्री नेमण्याची मुभा स्थानिक न्यायाधीशांना 1773 च्या कायद्याने मिळाली आणि 1823 च्या कायद्याने, रॉबर्ट पील गृहमंत्री असताना, चॅप्लेनचे पद व कर्तव्ये नीट बांधली गेली. चॅप्लेनने रोजनिशी ठेवायची आणि ती न्यायाधीशांपुढे मांडायची, असा दंडक होता. पुढे 1865 च्या कायद्याने प्रत्येक तुरुंगात जेलर, चर्च ऑफ इंग्लंडचा चॅप्लेन आणि शल्यवैद्य असे तीन अधिकारी असलेच पाहिजेत असे ठरवले. कुलूप, आत्मा आणि देह अशी ही वाटणी होती. मराठी वाचकाला एक गोष्ट इथे लक्षात घेण्याजोगी वाटेल. त्याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानासाठी 1894 साली केलेल्या तुरुंग कायद्यात अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी, त्यांचा दुय्यम आणि जेलर यांची नावे आहेत. धर्मगुरूचे पद मात्र तिथे नाही. येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या तुरुंगाचा कारभार ज्या चौकटीत चालला, तिच्यात चॅप्लेन हा अधिकारी कधी नव्हताच. त्यामुळे या पदाचे इंग्लंडमधले वजन आपल्याला सहज उमगत नाही. तिथे चॅप्लेन हा पाहुणा नव्हता, तर तुरुंगाच्या आराखड्यातला एक खांब होता.

मिलबँक तर या विचाराचे शिखर मानले गेले होते. जेरेमी बेंथम यांनी आपल्या गोलाकार तुरुंगाच्या योजनेसाठी ही दलदलीची जागा 1799 मध्ये घेतली, पण सरकारने ती योजना बाजूला ठेवली आणि जॉर्ज होलफर्ड या खासदाराच्या पुढाकाराने तिथे वेगळीच वास्तू बांधली. मध्यभागी षट्कोन, त्याच्या सहा बाजूंना सहा पंचकोनी इमारती, मधोमध चॅपेल, म्हणजे प्रार्थनागृह, आणि भोवती सुमारे तीन मैलांच्या मार्गिका. खर्च अंदाजे 5 लाख पौंड झाला, जो त्या काळच्या मानाने प्रचंड होता. ज्यांना ऑस्ट्रेलियाला हद्दपारीची शिक्षा झाली असे, पण सुधारण्याची आशा वाटत असे, अशा कैद्यांना निवडून इथे ठेवायचे, शिक्षेच्या पूर्वार्धात एकटे, उत्तरार्धात इतरांसोबत काम द्यायचे, उपदेश करायचा, आणि वर्तन चांगले असेल तर लवकर सुटकेची शिफारस करायची, अशी कल्पना होती.

कल्पनेला सुरुवातीपासूनच तडे गेले. 1818 मध्ये पावाच्या दर्जावरून चॅपेलमध्येच कैद्यांनी गोंधळ घातला. 1822 मध्ये आहार कमी करण्यात आला आणि पुढच्या वर्षी स्कर्व्ही व आमांशाने तुरुंग असा ग्रासला की काही काळ कैदी दुसरीकडे हलवावे लागले. एवढा खर्च, एवढा गाजावाजा आणि एवढे अपयश यांचा हिशेब देताना समितीला एखादा असा उपाय हवा होता, ज्याने मूळ उद्देश सिद्ध होईल. उद्देश सुधारणा हा असेल आणि सुधारणेचे साधन धर्म असेल, तर धर्मगुरूलाच प्रमुख का करू नये, हा विचार त्या वेळच्या समितीला सरळ आणि तर्कशुद्ध वाटला असणार. कागदावर आजही त्यात दोष दाखवणे सोपे नाही.

रसेल आणि विलग पद्धत

निहिल यांच्याआधी मिलबँकमध्ये चॅप्लेन म्हणून काम केलेले रेव्हरंड व्हिटवर्थ रसेल या प्रकरणातले दुसरे महत्त्वाचे पात्र आहे. (बंगालचे मुख्य न्यायाधीश सर हेन्री रसेल हे त्यांचे वडील, आणि निजामाच्या दरबारी हैदराबादला रेसिडेंट असलेले हेन्री रसेल हे त्यांचे थोरले बंधू; दख्खनच्या इतिहासात रमणाऱ्यांना हे नाव परिचयाचे असेल.) 1835 च्या कायद्याने सरकारने प्रथमच तुरुंग-निरीक्षक नेमले, तेव्हा लंडन परिसरासाठी विल्यम क्रॉफर्ड यांच्यासोबत रसेल यांची निवड झाली. म्हणजे एक तुरुंग-पाद्री आता एका तुरुंगापुरता न राहता राष्ट्रीय धोरणाच्या पातळीवर पोचला. आजच्या अर्थाने वरिष्ठ नेतृत्व म्हणावे असे हे बहुधा पहिलेच उदाहरण.

क्रॉफर्ड अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियाचा तुरुंग पाहून आले होते. तिथली विलग पद्धत अशी: प्रत्येक कैदी स्वतंत्र कोठडीत. तिथेच काम, तिथेच जेवण. दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसणार नाही. भेटीला येणार तो फक्त अधिकारी, वैद्य आणि चॅप्लेन. वाईट संगत तुटली, बाहेरचा गलबला थांबला की माणूस स्वतःच्या मनाकडे वळेल आणि त्या शांततेत चॅप्लेनचा शब्द रुजेल, अशी या पद्धतीमागची श्रद्धा होती. रसेल यांची ती मनापासूनची श्रद्धा होती. 1838 च्या अहवालात त्यांनी व क्रॉफर्ड यांनी या पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला, 1839 च्या कायद्याने तिला परवानगी मिळाली आणि 1842 मध्ये पेंटनव्हिल हा नमुनेदार तुरुंग 520 कोठड्यांसह उघडला. तिथे व्यायामाला बाहेर पडताना कैद्याने चेहरा झाकणारी टोपी घालायची आणि चॅपेलमध्येही प्रत्येकाने वेगवेगळ्या बंदिस्त खणात उभे राहायचे. प्रार्थनेसाठी एकत्र जमलेल्या शेकडो माणसांना एकमेकांपासून लाकडी फळ्यांनी तोडून टाकणारे ते चॅपेल मला या सगळ्या विचारातल्या विसंगतीचे सर्वांत स्पष्ट रूप वाटते.

मिलबँकमध्ये निहिल यांनी हीच दिशा धरली. कैद्यांमधला संपर्क त्यांनी कडकपणे तोडला, उपदेश आणि धर्मशिक्षण वाढवले आणि कर्मचाऱ्यांकडूनही धार्मिक आचरणाची अपेक्षा ठेवली. ते निष्ठुर होते असे म्हणायला आधार नाही. उलट, ते प्रामाणिक होते म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखे आहे, कारण इथे दोष स्वभावावर ढकलून मोकळे होता येत नाही.

काय बिघडले

पहिला परिणाम बोलण्यावर झाला. चॅप्लेनशी बोलताना कैदी आपले दुःख, राग, संशय, घरच्यांची चिंता सांगू शकतो, कारण समोरच्या माणसाच्या मतावर आपली भाकरी, आपली कोठडी आणि आपली सुटका अवलंबून नाही हे त्याला ठाऊक असते. निहिल यांच्या मिलबँकमध्ये तसे राहिले नाही. जो माणूस पश्चात्तापाबद्दल विचारणार, तोच शिक्षा फर्मावणार आणि त्याचेच मत सुटकेच्या शिफारशीत मोलाचे ठरणार. अशा ठिकाणी खरा पश्चात्ताप झालेला आणि तो दाखवणारा यांच्यात फरक करण्याचा मार्गच उरत नाही, आणि ज्याला खरोखर पश्चात्ताप झाला आहे त्याचीही स्थिती संशयास्पद होते. आर्थर ग्रिफिथ्स, जे पुढे मिलबँकचे उपगव्हर्नर झाले आणि ज्यांनी त्या तुरुंगाचा इतिहास लिहिला, त्यांनी या काळातल्या ढोंगी भाविकपणाचे वर्णन केले आहे. ढोंग कैद्यांपुरते मर्यादित नव्हते, तर बढती आणि मर्जी हवी असणाऱ्या पहारेकऱ्यांतही ते पसरले होते. ग्रिफिथ्स यांचा जन्म 1838 चा, म्हणजे निहिल यांच्या कारभाराचे ते साक्षीदार नव्हते, शिवाय लष्करी पेशाच्या माणसाचा पाद्र्यांविषयीचा अधीरपणा त्यांच्या लेखणीत जाणवतो. तेव्हा त्यांचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे घेऊ नये. पण त्यांनी दाखवलेली यंत्रणा पटणारी आहे. ज्या गुणाचे बक्षीस मिळते त्याचे सोंग वाढते, आणि इथे तो गुण श्रद्धा हा होता.

दुसरा परिणाम अधिक गंभीर होता आणि त्यासाठी ग्रिफिथ्स यांच्यावर विसंबण्याची गरज नाही. कैद्यांमध्ये वेडाचे प्रमाण वाढू लागले. 1841 च्या जुलैमध्ये खुद्द देखरेख समितीला, वेड लागणाऱ्या कैद्यांची संख्या चिंताजनक रीतीने वाढल्याचे कारण देऊन, नियम सैल करावे लागले: संपर्काची पूर्ण बंदी पहिल्या तीन महिन्यांपुरती, आणि त्यानंतर दोन किंवा अधिक सोबत्यांशी मर्यादित बोलण्याची मुभा. दरम्यान, आमांशाच्या चौकशीसाठी विल्यम बेली या वैद्याला बोलवावे लागले होते. दलदलीच्या जागेवरचा तो तुरुंग मन आणि शरीर दोन्ही पोखरत होता.

या ठिकाणी मला थांबून विचारावेसे वाटते की, धोक्याची घंटा कोणी वाजवायला हवी होती? वैद्य आणि चॅप्लेन हे दोघेच असे अधिकारी होते, ज्यांच्याशी एकटा पडलेला कैदी नियमित बोलत होता. मन ढासळत असल्याची पहिली चिन्हे चॅप्लेनला दिसायला हवी होती आणि त्याने गव्हर्नरकडे जाऊन सांगायला हवे होते की ही पद्धत माणसे मोडते आहे. मिलबँकमध्ये चॅप्लेन तक्रार घेऊन ज्याच्याकडे जाणार तो गव्हर्नर म्हणजे तो स्वतःच होता. पद्धतीवर शंका घेणे म्हणजे स्वतःच्या कारभारावर आणि स्वतःच्या श्रद्धेवर शंका घेणे होते. दोन पदे एकत्र केल्यामुळे वेळ आणि पगार वाचला असेल, पण दोन माणसांमधला मतभेद, जो तुरुंगासारख्या बंद जागी फार मोलाचा असतो, तो नाहीसा झाला. हे या प्रकरणाचे मर्म आहे असे मी मानतो.

तुलनेसाठी पेंटनव्हिलकडे पाहता येते. तिथले चॅप्लेन जोसेफ किंग्समिल हे गव्हर्नर नव्हते. त्यांचे सहायक जॉन बर्ट विलग पद्धतीचे कडवे समर्थक राहिले, पण किंग्समिल यांचा विश्वास अनुभवातून हळूहळू ओसरला. तिथला एकांतवासाचा काळ आरंभी 18 महिने होता, तो पुढे टप्प्याटप्प्याने घटवत 9 महिन्यांवर आणला गेला. त्यामागे अनेक कारणे होती आणि त्याचे श्रेय एका माणसाला देता येणार नाही. तरी एवढे दिसते की, जिथे चॅप्लेनचे पद वेगळे राहिले तिथे त्याला मत बदलण्याची मोकळीक राहिली.

1843 मध्ये संसदेने कायदा करून मिलबँकचा मूळ उद्देशच रद्द केला. सुधारगृहाऐवजी तो हद्दपारीच्या कैद्यांना वर्गवारीसाठी तात्पुरते ठेवण्याचा तुरुंग झाला, जुनी समिती गेली, निहिल गेले आणि कॅप्टन जॉन ग्रोव्ह्स हे लष्करी अधिकारी गव्हर्नर झाले. पुढचा भाग सांगितला नाही तर प्रकरण खोटे ठरेल. ग्रोव्ह्स यांच्या कठोर कारभाराविरुद्ध एका माजी पहारेकऱ्याने तक्रार केली आणि आयोगामार्फत चौकशी होऊन 1847 मध्ये अहवाल आला. पाद्री गेला, सैनिक आला, म्हणून कैद्यांचे भले झाले असे नाही. त्यामुळे धर्मगुरू हा वाईट प्रशासक असतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. बंद दरवाजाआड एका माणसाकडे सगळे अधिकार गेले की तो कोणत्याही पेशाचा असला तरी धोका तोच राहतो.

त्याच 1847 साली क्रॉफर्ड पेंटनव्हिलच्या मंडळाच्या बैठकीतच मरण पावले आणि काही महिन्यांनी रसेल यांनी मिलबँकमध्ये स्वतःचा जीव घेतला. या मृत्यूवरून त्यांच्या विचारांचा निकाल लावणे मला योग्य वाटत नाही. मात्र धोरणाचा सर्वांत उत्साही पुरस्कर्ता आणि त्या धोरणाचा निरीक्षक हे एकच असल्यामुळे स्वतंत्र तपासणी कोणाकडेच राहिली नव्हती, ही गोष्ट त्यांच्या बाबतीतही खरी आहे.

आजचे वरिष्ठ नेतृत्व

इंग्लंड आणि वेल्समधली आजची रचना मिलबँककडे पाहून मुद्दाम आखली गेली असे म्हणता येणार नाही; ती तुकड्यातुकड्यांनी घडली. तरीही तिची ठेवण पाहिली की 1837 च्या चुकीच्या बरोबर उलट दिशा दिसते. 1952 च्या तुरुंग कायद्याच्या सातव्या कलमात गव्हर्नर, चॅप्लेन आणि वैद्यकीय अधिकारी अशी तीन पदे वेगवेगळी नोंदवली गेली आणि चॅप्लेन चर्च ऑफ इंग्लंडचाच असावा असे म्हटले गेले. नवव्या कलमानुसार सरकारने चॅप्लेनची निवड केली की एका महिन्याच्या आत त्या धर्मप्रांताच्या, म्हणजे चर्चच्या प्रशासकीय विभागाच्या, बिशपला कळवायचे आणि बिशपचा परवाना मिळेपर्यंत त्या चॅप्लेनने काम सुरू करायचे नाही. म्हणजे पगार राज्याचा, पण पदावर बसण्याची मान्यता चर्चची. नियमांनुसार आजारी आणि एकांत कोठडीतल्या कैद्यांना चॅप्लेनने रोज भेटायचे असते. चॅप्लेनकडे दरवाजांच्या किल्ल्या असतात आणि तो एकटा कोठडीपर्यंत जाऊ शकतो; शिस्तभंगाचा निवाडा मात्र तो करत नाही, आणि मुदतपूर्व सुटकेचा विचार वेगळे पॅरोल बोर्ड करते.

वरच्या पातळीवरही दोन पदे आहेत. चॅप्लेन जनरल हा तुरुंग सेवेचा अधिकारी असतो, सगळ्या धर्मांच्या तुरुंग-धर्मसेवेचे नेतृत्व करतो आणि त्याच वेळी चर्चमध्ये त्याला तुरुंगांचा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या खालोखालचा वरिष्ठ पाद्री, हा दर्जा असतो. 1962 ते 1980 या दीर्घ काळात हे पद सांभाळणारे लेस्ली लॉइड रीस पुढे श्रूसबरीचे बिशप झाले. 2001 पासून दशकभर विल्यम नोबलेट यांनी ते सांभाळले. दुसरे पद तुरुंगांसाठीच्या बिशपचे आहे. हा एखाद्या धर्मप्रांताचा कार्यरत बिशप असतो, तुरुंग सेवेचा नोकर नसतो. रॉबर्ट हार्डी, पीटर सेल्बी, जेम्स जोन्स, जेम्स लँगस्टाफ आणि सध्याच्या ग्लॉस्टरच्या बिशप रेचेल ट्रीवीक अशी ही परंपरा आहे. ट्रीवीक 2015 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या महिला धर्मप्रांत-प्रमुख बिशप झाल्या आणि हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बसणाऱ्या पहिल्या महिला बिशपही. महिला कैद्यांच्या स्थितीबद्दल त्या तिथे मंत्र्यांना जाब विचारू शकतात आणि त्यासाठी त्यांना तुरुंग सेवेतल्या कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

चॅप्लेन जनरलच्या पदावरचा ताण मात्र खरा आहे. 1990 च्या दशकात समाजशास्त्रज्ञ जेम्स बेकफर्ड आणि सोफी गिलियट यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले की मुस्लिम, हिंदू, शीख व इतर कैद्यांना आपल्या धर्मगुरूपर्यंत पोचण्यासाठी बहुतेक वेळा अँग्लिकन चॅप्लेनच्या सद्भावनेवर अवलंबून राहावे लागत होते. तो चॅप्लेन बहुधा सज्जनच असे, पण हक्क आणि मेहेरबानी यांत फरक असतो. 1999 मध्ये तुरुंग सेवेत मुस्लिम सल्लागार नेमला गेला, पुढे विविध धर्मांचे सल्लागार आले, आणि एखाद्या तुरुंगातल्या धर्मसेवेचा व्यवस्थापक कोणत्याही धर्माचा असू शकतो ही पद्धत रुळली. हा बदल योग्यच झाला. त्याने अँग्लिकन नेतृत्व दुबळे झाले असे मला वाटत नाही. त्याच्याकडची एक प्रकारची सत्ता कमी झाली, आणि मिलबँकचा अनुभव पाहता धर्मसेवेकडची सत्ता कमी होणे हे तिच्या विश्वासार्हतेला पूरकच आहे.

जुना प्रश्न लहान रूपात अजूनही डोके वर काढतो. चॅपेलमध्ये चालणारे अभ्यासक्रम, उदाहरणार्थ गुन्ह्याच्या बळींच्या दुःखाची जाणीव करून देणारे वर्ग, कैद्याने पूर्ण केले की त्याची नोंद त्याच्या कागदपत्रांत जाऊ शकते आणि पॅरोलच्या वेळी ती कामी येईल अशी आशा त्याला असते. सुरक्षेला धोका दिसला तर चॅप्लेनलाही तो कळवावा लागतो. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या कैद्याच्या काळजीच्या बैठकीत चॅप्लेन बसतो, आणि ते आवश्यकच आहे. या प्रत्येक कामात चॅप्लेन यंत्रणेच्या थोडा अधिक जवळ जातो, आणि किती जवळ जावे हे ठरवणे चॅप्लेन जनरलचे काम आहे. पण तो स्वतः त्याच यंत्रणेचा अधिकारी असल्याने त्याच्या निर्णयाकडे बाहेरून पाहणारा कोणीतरी लागतो.

म्हणून तुरुंगांसाठीच्या बिशपचे पद आहे तसेच राहावे, असे माझे मत आहे: धर्मप्रांत सांभाळणाऱ्या, संसदेत बोलू शकणाऱ्या आणि तुरुंग सेवेकडून पगार न घेणाऱ्या व्यक्तीकडे. हे काम मोठे आहे आणि आपला धर्मप्रांत सांभाळून ते करणाऱ्या बिशपवर त्याचा भार पडतो, हे उघड आहे. ते पूर्णवेळ करून तुरुंग सेवेच्या मुख्यालयात त्याला कार्यालय दिले तर काम कदाचित अधिक सुरळीत होईल, पण मग चॅप्लेन जनरल आणि बिशप एकाच इमारतीत, एकाच अर्थसंकल्पावर बसतील. पीटर सेल्बी यांनी बिशपपद सोडल्यावर तुरुंगांवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद घेतले, म्हणजे ते तुरुंग चालवणाऱ्यांच्या बाजूला न जाता तपासणाऱ्यांच्या बाजूला गेले. 1837 च्या मिलबँकमध्ये त्या बाजूला उभे राहील असा एकही धर्मगुरू उरला नव्हता.